रिळावरची नवी दोरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गळाच्या रिळावर नवी दोरी चढवणं हे तसं दहा मिनिटांचं काम. पण ते एकट्यानं करू नये, असं जाणकार सांगतात. एकानं दुकानातून आणलेली दोरीची गुंडी धरायची, दुसऱ्यानं रिळाची मूठ फिरवायची. दोरी ओल्या फडक्याच्या चिमटीतून जाऊ द्यायची, म्हणजे ती ताणून बसते आणि घासून तापत नाही. रीळ काठोकाठ भरायचं नाही, कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. जास्त भरलं तर गळ फेकताना वेढे एकदम घरंगळतात आणि हातात गुंता येतो. कमी भरलं तर दोरी कडेला घासत जाते, गळ लांब पडत नाही. बस्स, एवढंच.

या एवढ्याशा कामामागे मोठा इतिहास आहे. पण तो इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती फारसा लागलेला नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. दोरी कुजते. हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल इथल्या उत्खननांत तांब्याचे गळ सापडले. चार हजार वर्षांहून जुने ते गळ आज संग्रहालयात काचेआड बसले आहेत. त्यांना बांधलेली दोरी कसली होती, किती पदरी होती, गाठ कुठली मारली होती, हे सांगायला काहीच उरलेलं नाही. माशाच्या तोंडात गेला तो गळ राहिला आणि माणसाच्या हातात होती ती दोरी मातीत गेली.

दोरीची दखल घेणारा एक राजा मात्र आपल्या शेजारीच होऊन गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. ही कल्याणी म्हणजे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे. बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमाभागातलं बसवकल्याण. बाराव्या शतकात, ११३०च्या आसपास, त्यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथातली. त्यामुळे मराठीचे प्राध्यापक त्याचं नाव आदरानं घेतात, बी.ए.ला आम्हीही ते पाठ केलं होतं. पण राजानं मन कसं रमवावं हे सांगणाऱ्या भागात ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे, त्याचा पत्ता मला फार उशिरा लागला. त्यात पस्तीसेक जातींचे मासे येतात, कुठला मासा कोणत्या चाऱ्यावर पोसतो ते येतं, आणि गळ, काठी, दोरी यांचाही विचार येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला. ओवी आणि गळ एकाच पोथीत सापडावेत, याचं मला कवी म्हणून फार समाधान वाटतं.

सोमेश्वराजवळ रीळ नव्हतं. ते तेव्हा चीनमध्ये होतं. मा युआन नावाच्या चित्रकाराचं ११९५च्या सुमाराचं एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिवाळ्यातलं तळं, मधोमध एक होडी, तीत वाकून बसलेला एकटा माणूस. बाकी सगळं पाणी, म्हणजे कोरं रेशीम. त्या माणसाच्या काठीला मुठीजवळ एक लहानसं चाक आहे. गळाला लावलेल्या चाकाचा हा सगळ्यात जुना चित्रपुरावा मानतात. इंग्लंडमध्ये असं चाक पुस्तकात यायला १६५१ साल उजाडलं. तिकडे तेव्हा घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करत. पुढे रेशमाची आली.

आणि आपल्या कोकणात? आपल्याकडे गरी हातातच राहिली. सुताची नाहीतर तागाची दोरी मांडीवर वळायची, लाकडाच्या तुकड्यावर किंवा बाटलीवर गुंडाळायची, टोकाला शिसं आणि गळ, गळाला कोळंबी. फेकायची आणि तर्जनीवर दोरी टेकवून बसायचं. शिंगाळा खेचतो कसा, बोईट नुसतं चाटून जातं कसं, चिंबोरी आमिष कुरतडते तेव्हा कशी बारीक थरथर येते, हे सगळं बोटाला कळायचं. ही दोरी सांभाळावी मात्र लागायची. पाण्यातून आली की वाळवायची. ओली गुंडाळून ठेवली की कुजलीच. तिचं आयुष्य वाढावं म्हणून ऐनाच्या सालीचा काढा करून त्यात ती भिजवायची. जाळ्यांचंही तेच. ज्यांनी तो तांबूस, तुरट वास घेतला आहे त्यांना तो अजून आठवत असेल.

आमचं पनवेल खरं तर चाकांचं गाव. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरच्या बैलगाड्या पनवेलच्या बंदराला येऊन भिडल्या. इथून पुढे मुंबईला पाण्यानं जायचं. गाडीची चाकं घडवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा, असं इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नोंदलेलं आहे. १८५२ साली इथं नगरपालिका झाली, म्हणजे आपली पालिका देशातल्या जुन्यांपैकी एक. पण गाडीला चाक देणाऱ्या या गावात गळाला चाक यायला विसाव्या शतकाचं शेवटचं पाव उजाडावं लागलं. ते आलं कुठून ते सांगतो, पण आधी चाकाचीच एक गोष्ट सांगायला हवी.

जुनं रीळ म्हणजे फिरणारा रहाट. गळ फेकला की दोरी रहाटाला फिरवत बाहेर जायची. जड वजन असेल तर ठीक. हलकं असेल तर रहाट फिरतच नाही. आणि एकदा वेगात फिरला की गळ पाण्यात पडून थांबला तरी रहाट थांबत नाही, मग गुंता. यावर उपाय सापडला तो तळ्याकाठी नव्हे, कापडाच्या धंद्यात. भिवंडीत आमची नातीगोती आहेत. तिथं लहानपणी मागाचा धोटा हातात घेऊन बघायचो. धोट्यात सुताची कांडी असते. धोटा इकडून तिकडे धावतो, पण आतली कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्यानं निसटत जातं. कांडी स्थिर आणि सूत मोकळं. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गृहस्थांचा व्यवसाय कापडाचा. त्यांनी हेच तत्त्व गळाच्या रिळाला लावलं आणि १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. फेकताना रीळ फिरत नाही, दोरी त्याच्या कडेवरून निसटते. ओढून घेताना तारेचा एक हात कांडीभोवती फिरून दोरी परत गुंडाळतो. आज दुकानात मिळणारी बहुतेक साधी रिळं याच जातीची. गिरणगावात आयुष्य काढलेला एखादा कोकणी माणूस सुट्टीत खाडीवर असलं रीळ घेऊन बसला, तर त्याच्या हातात गिरणीतलीच कांडी असते, फक्त तिला मूठ बसवलेली.

पुढे ही रिळं करणारेही कुठून कुठून आले. स्वीडनची आबू ही कंपनी १९२१ साली घड्याळांच्या कामासाठी निघाली, नंतर टॅक्सीचे मीटर करू लागली आणि मग रिळांकडे वळली. जपानची शिमानो सायकलचे भाग करायची, तिनं १९७० साली मासेमारीच्या सामानात पाऊल टाकलं. दातेरी चाकं ज्यांना जमली त्यांना रीळ जमलं.

कांडीच्या रिळाला एक खोड आहे. प्रत्येक वेढ्याबरोबर दोरीला एक पीळ बसतो नाहीतर सुटतो. म्हणून नवी दोरी चढवताना सगळी काळजी पिळाची. गुंडी पेन्सिलीत ओवून फिरू द्यावी की जमिनीवर आडवी ठेवून तिच्या तोंडावरून दोरी निघू द्यावी, यावर गळवाल्यांत दोन पंथ आहेत आणि त्यांचं भांडण मिटण्यातलं नाही. व्यवहारातली कसोटी मात्र एकच. पंधरा-वीस वेढे गुंडाळायचे आणि दोरी सैल सोडून बघायची. ती गपगुमान पडली तर ठीक. उसळून स्वतःभोवती वळू लागली तर जमिनीवरची गुंडी उलटी करायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो ते माणसांबद्दल. पण ज्यानं एकदा उलट्या पिळाची दोरी खाडीवर नेली त्याला ते अगदी शब्दशः पटतं.

आता खुद्द दोरी. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९३५ साली नायलॉन तयार झालं. दोन वर्षांनी, १९३७मध्ये, नैराश्यानं ग्रासलेल्या कॅरोथर्सनं जीव दिला. नायलॉनची जाहीर घोषणा झाली १९३८ साली, ती त्यानं पाहिली नाही. आधी दात घासायच्या ब्रशचे केस, मग बायकांचे पायमोजे, युद्धात पॅराशूट, आणि जोडीला गळाची दोरी. सुरुवातीची दोरी ताठर होती, हळूहळू मऊ झाली. आपल्याकडे १९५७ साली कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली आणि कृत्रिम धाग्याच्या जाळ्यांना चालना मिळाली. १९७६ साली पुण्याच्या गरवारे मंडळींनी दोर आणि जाळी करणारी कंपनी काढली. एका पिढीत किनाऱ्यावरचं सूत आणि ताग मागे पडलं. ऐनाच्या सालीची पातेली चुलीवरून उतरली. कोळ्यांच्या घरचं केवढं तरी काम कमी झालं, आणि त्याबद्दल मी हळहळणार नाही. ओली जाळी वाहून, वाळवून, रंगवून ज्यांच्या कंबरा गेल्या त्यांनी नायलॉनचं स्वागतच केलं. काढ्याचा वास आठवून गहिवरणं हा बसून लिहिणाऱ्यांचा धंदा आहे.

आमच्या मोहल्ल्यात रीळ आलं ते आखातातून. १९७३नंतर तेलाचे भाव वाढले आणि कोकणातली मुसलमान घरं एकेक करून कुवेत, बहारीन, दुबईला माणसं पाठवू लागली. त्याआधी आमची माणसं बोटीवर खलाशी म्हणून जात. आता ती विमानानं जाऊ लागली. दोन वर्षांनी सुट्टीवर येताना पेटीत टेपरेकॉर्डर, दूध पावडरीचे डबे, अत्तर. माझ्या मामूंच्या पेटीत १९८१ साली एक जपानी रीळ निघालं. तिकडे शुक्रवारी समुद्रावर जाऊन बसायची त्यांना सवय लागली होती. रिळावरची दोरी उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं पिवळी पडली होती, म्हणून त्यांनी मुंबईहून नवी आणली. ओसरीवर बैठक मारून त्यांनी ती चढवली. गुंडीत माझी शाळेची पेन्सिल, तिची दोन टोकं माझ्या दोन मुठींत. तळाला आधी अम्मीच्या शिवणाच्या रिळाचा जाड दोरा, कारण नुसती गुळगुळीत दोरी रिळावर घसरते आणि शिवाय अर्धं रीळ दोऱ्यानं भरलं की महाग दोरी कमी लागते. गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली केली. “ढिली सोडू नको हां,” मामू म्हणाले, “आज ढिली सोडलीस तर उद्या खाडीवर दिवसभर गुंता सोडत बसू.”

दुसऱ्या दिवशी बंदरावर कोळीवाड्यातले एक म्हातारे तात्या हातगरी टाकून बसले होते. मामूंनी रीळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मूठ फिरवून पाहिली, तारेचा हात फिरताना पाहिला, कौतुकानं मान हलवली आणि परत दिलं. म्हणाले, “झ्याक हाय. पन मासा लागला तं कलंल कोनाला? तुला का ह्या चाकाला?”

मामू हसले. पण तात्यांचा प्रश्न खोटा नव्हता. काठी आणि रीळ आलं की मासा काठीच्या टोकाला कळतो, मग हाताला. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे बारीक चावा मध्येच विरून जातो. अलीकडे विणलेली पॉलिथिलीनची बारीक दोरी निघाली आहे, ती ताणली जात नाही, आणि तिची जाहिरात करताना माशाचा स्पर्श थेट हाताला जाणवतो असंच सांगतात. तात्यांच्या तर्जनीला जे फुकट मिळत होतं ते आता चांगल्या किमतीला विकत मिळतं.

आमच्या खाडीचा राजा म्हणजे जिताडा. पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात जिताड्याचं काय स्थान आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवावा, अशी या जिल्ह्याची जुनी रीत, निदान जुना विनोद. ऑस्ट्रेलियात ज्याला बारामंडी म्हणतात तोच हा. तो जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाऱ्या पाण्यात वाढणारं त्याचं पोर खाडीतून आत येतं, आपल्याकडचे शेतकरी ते खारेपाटातल्या तळ्यांत सोडून वाढवतात. या माशाच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. गळ लागल्यावर तो डोकं झटकतो आणि दोरी त्या धारेवर घासून तुटते. म्हणून रिळावरची दोरी कितीही नवी असो, गळाजवळ हात-दीड हात जाड दोरीचा तुकडा जोडावा लागतो. मामूंचे पहिले दोन जिताडे असेच दोरी तोडून गेले, गळ आणि दोरीचं शेपूट तोंडात घेऊन.

लोखंडी गळ खाऱ्या पाण्यात गंजून जातो. दोरीचं तसं होत नाही. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली मोठी उलथापालथ इथं आहे, चाकात नाही. सुताची दोरी जपली नाही तर आठवडाभरात जायची. नायलॉन कुजत नाही, तरी निकामी होतं. ऊन खाऊन ठिसूळ होतं, पाणी पिऊन कमजोर होतं, रिळाच्या वेढ्यांचा आकार धरून बसतं. नियमानं गळ टाकणारा माणूस वर्षाला एकदा तरी दोरी बदलतो. म्हणजे आपल्या कामाची ती एक वर्ष, आणि पाण्यात राहणार शेकडो वर्षं असा अंदाज आहे. हडप्पाच्या कोळ्याचा गळ सापडला, दोरी गेली. आपल्या खाडीच्या गाळात उद्या कुणी खणलं तर गळ गेलेला असेल आणि दोरी असेल.

नवी दोरी चढवली की जुनीचं काय करायचं, हा प्रश्न मामूंच्या वेळी कुणाला पडला नव्हता. ओसरीवरून ती उकिरड्यावर जायची. आज गाढी नदीच्या पुलाजवळ किंवा खाडीच्या कडेनं ओहोटीच्या वेळी चालत गेलात तर खारफुटीच्या मुळ्यांत या दोऱ्यांचे झुबके दिसतात, त्यात बगळ्याचं पीस, कधी पाय. पतंगाच्या मांज्याचं जे झालं तेच हे. फिरकीवर मांजा भरायचं आणि रिळावर दोरी भरायचं तंत्र एकच, आणि मालही एकच झाला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, कारण त्यानं पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले. गळाच्या दोरीवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. ज्यांचं पोट तिच्यावर आहे त्यांनी काय करायचं? पण जाळ्यात अडकलेल्या कासवाला किंवा देवमाशाला सोडवण्यासाठी कोळ्यानं जाळं कापलं तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षानं २०१८च्या अखेरीस सुरू केली, आणि कोळ्यांनी जाळी कापलीसुद्धा. म्हणजे दोरीचा हिशेब मांडता येतो.

खाडी मात्र तीच राहिलेली नाही. कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. विमानतळासाठी उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, आणि २०२५ साली त्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. मामू पेटी घेऊन ज्या आखातात जायचे, तिथं नेणारी विमानं बंदरावरून दिसावीत इतक्या जवळ धावपट्टी आली आहे. पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली. तरी भरतीच्या वेळी पुलावर आणि बंदरावर आजही माणसं बसलेली असतात, कुणाच्या हातात रीळ, कुणाच्या हातात बाटलीवर गुंडाळलेली दोरी.

त्यांच्यातले शहाणे दर वर्षी नवी दोरी घेत नाहीत. फेकण्यात रिळावरची वरची पन्नास-साठ मीटर दोरीच झिजते, खालची तशीच कोरी राहते. मग ते सगळी दोरी एका रिकाम्या रिळावर उतरवतात, तिथून दुसऱ्यावर, आणि मग आपल्या रिळावर, म्हणजे आतलं टोक बाहेर येतं आणि झिजलेलं तळाला जातं. दोन रिकामी रिळं आणि एक मदतनीस एवढंच लागतं. दोरी आणखी वर्षभर चालते. जी उरते ती ते कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे करून बाटलीत भरतात आणि झाकण लावतात.